सेनापतीच्या मावशीचं पत्र

मंगळवार, ८ एप्रिल, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद. वरची वेळ पत्राची नाही, तुझ्या गुन्ह्याची आहे. पत्र शनिवारी सकाळी लिहिते आहे. माझे गुडघे बरे आहेत.

त्या वेळी 'सेनापती' नावाच्या कुणा शूराने चार हजार भक्तांच्या फोनवर हुकूम सोडला: बाहेरून आलेल्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा हा पत्ता, शुक्रवारी संध्याकाळी जाऊन त्यांना 'समजवा'. आवाज यंत्राने घोगरा केला होता. पण बाळा, मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढली. माणूस आवाज बदलतो, श्वास नाही. कुणाचंही नाव घेण्याआधी नाकाने बारीक श्वास ओढणारा माझ्या ओळखीत एकच आहे, आणि तो चौतिशीचा घोडा औषधाच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्या विकतो.

काल मी आणि एक्स्चेंजमधल्या सहा मैत्रिणी डॉक्टरीणबाईंच्या फाटकात खुर्च्या टाकून बसलो. तिघे आले. एकाच्या हातात सळई.

"आजी, बाजूला व्हा. सेनापतींचा हुकूम आहे."

"सेनापती माझा भाचा. थांब, विचारते."

तुला फोन लावला, स्पीकर चालू केला. म्हटलं, "तुझे तीन सैनिक समोर उभे आहेत. काय सांगू?"

तू म्हणालास, "मावशी, आईला सांगू नकोस ना."

सळईवालाच आधी हसला. मग तिघेही आल्या वाटेने गेले आणि रात्रीच तुझं ते वाक्य त्यांनी सगळ्या भक्तांना कळवलं. आज सकाळी तुझे भक्त एकशे ऐंशी उरलेत. दर तासाला बघते, चहा गोड लागतो.

आता तू विचारशील, मावशीकडे तो हुकूम पोचला कसा. टाळत होते, लिहूनच टाकते. आठ महिने मीही तुझी भक्त होते. श्वास पहिल्याच आठवड्यात ओळखला होता. कौतुक वाटलं, आपल्या घरातला मुलगा, आणि एवढी माणसं ऐकतात. तुझ्या प्रत्येक विषारी वाक्याला अंगठा दिला, मैत्रिणींना पुढे पाठवलं. पत्ता ऐकला तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं.

डॉक्टरीणबाईंना माझं माफीपत्र काल हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. 

तुझं बाकी आहे. टाईप केलेलं चालणार नाही. स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या नावाने त्यांना लिही आणि तसं लिहिल्याचं मला लेखी कळव: गुरुवार, १७ एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत. पाच वाजून एक मिनिटाने तुझे सगळे हुकूम, माझ्या अंगठ्यांसकट, पोलिसांकडे जातील.

तिथे तुझ्या शेजारच्या बाकावर बसायला तयार असलेली,
मावशी