कावळा शिवला म्हणे

१७ जानेवारी १८९७, रविवार

रविवारच्या वर्गात चारच मुली. बाकीच्या प्लेगच्या भीतीनं गावाला पळाल्या. शांतीनं धडा पाठ केला नव्हता आणि खुशाल म्हणाली, "केलाय बाई!" अर्धा तास उभी केली. शाळेच्या व्हायोलेट मडम म्हणाल्या, "कालिंदी, पोर लहान आहे, इतकी कडक होऊ नकोस." होईन! खोटं ते खोटं, त्यात लहान-मोठं काय?

रोजच्या जगण्यात देवाचा एक तरी धडा शोध आणि वहीत लिही, असं मडमनी सांगितलंय. आजचा हाच.

२० जानेवारी

शेवंता कोळीण आमच्या जुन्या वाडीतही मासळी घेऊन जाते. तिनं सांगितलं, "बाय, तुझ्या बापाचा दमा लई वाढलाय." तशीच उठून गेले. शाळेपासून आमचं बिऱ्हाड दोन वाड्यांवर, आणि सात वर्षांत मी तो जिना चढले नव्हते! बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी तात्यांनी माझ्या नावानं आंघोळ केली, मेलेल्या माणसाच्या नावानं करतात तशी.

महादेवदादानं जिन्यातच अडवलं. "परत जा. तू आलीस हे कळलं तर आहे तो श्वासही जाईल त्यांचा." आत आईच्या बांगड्या वाजत होत्या. तेवढ्या ऐकल्या आणि परत आले.

२१ जानेवारी

पुन्हा गेले. पुन्हा तेच. उद्या पुन्हा जाणार.

२३ जानेवारी

वाडीत अर्ध्या खोल्यांना कुलपं, तरी शेवंता प्रत्येक दारापुढे "मावरं घ्या गो" करून ओरडते. म्हटलं, "कुलूप दिसत नाही का गं?" तर म्हणते, "दिसतंय की! पर एकांदं दार उगडलं आन् मी वरडलेच नाय, तर?"

आजचा धडा शेवंताचा. मडम कितीदा तरी सांगतात, ठोठावत राहा म्हणून. पण पटलं ते माशांची पाटी घेतलेल्या बाईकडून.

२६ जानेवारी

तात्या गेले. पहाटे.

सोनापूरच्या स्मशानाबाहेर रस्त्यापलीकडे उभी राहिले. खांद्याला चार माणसं मिळवता मिळवता दादाची पुरेवाट झाली असावी. त्यानं मला पाहिलं, आणि मान फिरवली.

घरी येऊन गार पाण्यानं आंघोळ केली. मला काही हक्क नाही, आमच्या धर्मात असलं काही नाही. तरी केली! मडमना बोलले नाही.

३१ जानेवारी, रविवार

शाळा बंद करून मडम नऊ तारखेला खंडाळ्याला जाणार. मलाही चल म्हणतात. म्हटलं, आईला भेटल्याशिवाय मी हलणार नाही. "आणि नाही भेटली तर?" भेटेल! कशी ते देव बघेल.

आईच्या हातात आता बांगड्या नसतील. हे सारखं मनात येतं.

४ फेब्रुवारी

तात्यांचा दहावा. तिन्हीसांजेला फाटकाशी कोण? दादा! डोक्याचा गोटा केलेला, डोळे सुजलेले. सात वर्षांत पहिल्यांदा माझ्या दाराशी.

उभ्याउभ्याच बोलला. बाणगंगेवर तो आणि भटजी, तिसरं माणूस नाही. पिंडाला कावळा शिवेना. आईला सांभाळीन म्हणून वचन दिलं, नाही. घर सोडणार नाही म्हटलं, नाही. उन्हं डोक्यावर आली. "शेवटी तुझं नाव घेतलं. कालिंदीला आईकडे येऊ देईन म्हटलं. तत्क्षणी शिवला! आईला सांगितलंय. परवा ये म्हणाली."

आणि गेला निघून, पाणीसुद्धा न घेता.

५ फेब्रुवारी

मडम म्हणतात, "कावळ्याच्या परवानगीनं जाणार तू? मुलींना काय तोंड दाखवशील?" चिडून निघून आले, पण प्रश्न खरा आहे. पिंड, कावळा, सगळं खोटं म्हणून मीच शिकवते ना!

संध्याकाळपर्यंत गुडघे टेकून होते. मग आठवलं — बायबलात ओढ्याकाठी उपाशी संदेष्ट्याला देवानं भाकर पाठवली, ती कावळ्यांच्याच चोचीतून. त्यानं काही ती परत धाडली नाही!

जाणार.

६ फेब्रुवारी

आई एवढीशी झालीय. भिंतीला टेकून बसली होती. "ये गं," म्हणाली. मला वाटलं लांब बसवेल. तिनं माझं डोकंच मांडीवर ओढून घेतलं. "तेल नाही का घालत गं? काय ही केसांची दशा!" मी लहान पोरीसारखी हमसून रडले.

म्हणाली, "रागावले होते तुझ्यावर, पण जीव तुझ्यातच अडकला होता बघ त्यांचा. कावळ्यानं सांगितलं." ओठावर आलं होतं, आई, असं काही नसतं. पण गिळलं. तिचा हात केसांतून फिरत होता.

८ फेब्रुवारी

आज परत गेले. येताना आई म्हणाली, "खंडाळ्याहून आलीस की सरळ इकडेच ये." दादा तिथंच होता, पण माझ्याकडे बघेना. कालच तेरावा झाला, थकला असेल.

९ फेब्रुवारी

दादा पेटी उचलायला आला. फाटकापाशी थांबला. म्हणाला, "कावळा शिवलाच नव्हता, कालिंदी. तुझंही नाव घेतलं. तरी नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. आईपाशी बोलू नकोस."

दादा कावळ्याला मानतो. म्हणजे त्याच्या मते तात्यांनी मेल्यावरही मला नाहीच म्हटलं. ते ओझं एकट्यानं घेऊन तो माझ्या दारी आला आणि खोटं बोलला.

शांतीला अर्धा तास उभी केली होती मी.