न्हाणीघराच्या नकाशासह फाइल परत घेऊन मला दोषी ठरवणेबाबत

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
बांधकाम परवानगी विभाग,
दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला.

विषय : माझ्या घराच्या परवानगीची फाइल परत स्वीकारणे, मला दोषी ठरवणे व हातगाडी पाठवणेबाबत.

संदर्भ : माझे तीन अर्ज व त्या तिन्हींना आलेले आपले एकच उत्तर : "फाइल जागेवर नाही."

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी याच विभागात एकतीस वर्षे अभिलेखपाल होतो. आपण रुजू होण्याआधीच मी निवृत्त झालो, त्यामुळे आपली ओळख नाही. पण रेकॉर्ड रूममधल्या फळ्यांवरचे आकडे अजून माझ्याच अक्षरात आहेत.

दोन महिन्यांपूर्वी माझी पत्नी जिन्यावरून पडली. खुब्याचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी जिना कायमचा बंद सांगितला. आमचे न्हाणीघर व संडास वरच्या मजल्यावर. तेव्हापासून ती खालच्या खोलीत पडद्याआड खुर्चीवर सगळे उरकते आणि कोणी दार वाजवले की तिचा जीव अर्धा होतो. म्हणून खाली न्हाणीघर बांधायचे ठरले. गवंडी म्हणाला, मंजूर नकाशा दाखवा, मगच भिंतीला हात लावतो. घरची प्रत वाळवीने केव्हाच खाल्ली होती, सबब आपल्याकडे नक्कल मागितली.

तिसऱ्या उत्तरानंतर मी जातीने आलो आणि खिडकीवरच्या बाईंना चांगलेच सुनावले. आमच्या वेळी असली अनागोंदी नव्हती, फाइल म्हणजे काय भाजीची पिशवी आहे का, वगैरे. मागे रांगेतले लोक माना डोलवत होते, त्यामुळे मला जरा जास्तच चेव आला. बाई आत जाऊन फाइलीच्या जागेवरचे गुलाबी कार्ड घेऊन आल्या आणि विचारले, "काका, ही सही कोणाची?"

सही माझी होती. फाइल हलवणाऱ्याने तिच्या जागी गुलाबी कार्ड ठेवावे व त्यावर काय नेले, कोणी नेले, परत कधी, हे लिहावे, हा नियम मीच सुरू केलेला. तारीख अकरा वर्षांपूर्वीची आणि पुढे ऐटीत लिहिलेले : "परत : दोन दिवसांत." न परतलेल्या फाइलीबद्दल दरवर्षी स्मरणपत्र जावे, हाही नियम माझाच. निवृत्त होईपर्यंतची सात स्मरणपत्रे मीच काढली, मीच स्वीकारली, पोच दिली आणि नीट लावून ठेवली. स्मरणपत्रांची फाइल बाईंना अर्ध्या मिनिटात सापडली.

घरी येऊन पत्नीला हे सांगितले. पडल्यापासून ती पहिल्यांदाच पोट धरून हसली, मग खुबा धरून कळवळली, मग म्हणाली, "जिन्यामागच्या तुमच्या खोलीत बघा. तुमचं सगळं तिथेच जाऊन पडतं." सूची रविवारी निवांत पूर्ण करावी म्हणून मी फाइली घरी आणत असे. आणायचे लक्षात राहिले, न्यायचे राहून गेले. त्या खोलीत माझी फाइल मिळाली, आणि सोबत आपल्या विभागाच्या आणखी सव्वीस. "जागेवर नाही" हे उत्तर घेऊन जे लोक परत गेले असतील, त्यांनी मला मनातल्या मनात दिलेल्या शिव्या रास्तच आहेत.

फाइल उघडून नकाशा पाहिला. महोदय, खाली न्हाणीघर मंजूर आहे. जिन्यामागे, नेमके त्याच खोलीत. घर बांधताना पत्नीने हट्टाने ते बांधायला लावले होते. "उद्या गुडघे कुरकुरायला लागले म्हणजे काय करायचं?" असे ती म्हणाली होती आणि मी हसलो होतो. नळ बाहेरून मीच बंद करवला, मोरीवर फळी टाकली आणि वर कागद रचले; पुढे ती नुसती माझ्या कागदांची खोली झाली आणि खाली न्हाणीघर आहे हेच आम्ही दोघे विसरलो. दोन महिने जी परवानगी मी आपल्याकडे मागत होतो तिच्यावर मीच बसून होतो. मला लाज वाटते, आणि ती कोणत्या मुद्द्याखाली नोंदवावी हे कळत नाही.

सबब विनंती की,

१) उरलेल्या सव्वीस फाइली नेण्यास हातगाडी व दोन माणसे बुधवारपर्यंत पाठवावीत. गुरुवारी नळवाला येणार आहे.

२) तीस दिवसांहून अधिक बाहेर राहिलेली फाइल चौकशीशिवाय परत घेऊ नये, असा नियम आड येईल. तोही माझाच. तरी चौकशीत वेळ न घालवता मला ताबडतोब दोषी ठरवावे. साक्ष द्यायला पत्नी तयार आहे. फारच तयार आहे.

३) खिडकीवरच्या बाईंना हा अर्ज आधी वाचायला द्यावा. समोर येऊन माफी मागणारच आहे, पण या खेपेला रांग नसताना येईन.

आपला आणि खिडकीवरच्या बाईंचा अपराधी,
(सही)
निवृत्त अभिलेखपाल
सोमवार, सकाळी

सोबत :
१) माझ्या घराची फाइल, मूळ.
२) उरलेल्या सव्वीस फाइलींची यादी.
३) पत्नीने आज अंथरुणातून लिहून जिन्यामागच्या खोलीच्या दारावर मलाच चिकटवायला लावलेल्या गुलाबी कार्डाची नक्कल. मूळ कार्ड ती काढू देत नाही. मजकूर असा : "काय नेले : न्हाणीघर. कोणी नेले : नवऱ्याने. परत : दोन दिवसांत."