दुष्काळात बुडालेलं झाड

चाचा, तुम्हाला लिहायला फार उशीर केला, माफ करा. तुम्ही गेलात तेव्हा माझे केस काळे होते. चौथी शिकलेला माणूस मी, लिहायचं म्हटलं की हात आखडतो. पण आता विचारायला दुसरं कोणी उरलं नाही. तुमच्या झाडाच्या फांदीपासून मी लावलेलं रबराचं झाड पानं टाकतंय. गेल्या महिन्यात मुलानं मला नेवाशाहून नगरला त्याच्या फ्लॅटमध्ये आणलं, तेव्हा झाडही सोबत आणलं. तेव्हापासून हे सुरू आहे. पान पडलं की टप्प असा आवाज होतो आणि मी हातातलं टाकून बघायला जातो.

बाहत्तरच्या दुष्काळात मी तुमच्या शिलाईच्या दुकानात कामाला होतो, तेव्हा असाच आवाज यायचा. मशीन थांबवून आपण दोघंही मागं वळून बघायचो. आरशाशेजारी, तेलाच्या पत्र्याच्या डब्यात ते झाड होतं, तुमच्या लेकीनं लग्नाआधी लावलेलं. ती कर्जतला नांदत होती आणि पहिल्या बाळंतपणाला येणार होती. "आल्या आल्या झाडाकडंच बघंल ती," तुम्ही म्हणायचात. "बोडकं दिसलं तर पोरीच्या मनात नको ते येईल. असल्या वक्ताला!" तुम्ही चष्मा लावून पानांची मागची बाजू तपासायचात, कीड नसायची. डबा दाराशी उन्हाला सरकवायचात, पुन्हा आत ओढायचात. बाहेर टँकरसाठी रांगा लागलेल्या. झाड तहानलंय, असंच गावानं धरलं होतं.

मग एका दुपारी तुम्ही मातीत बोट खुपसलंत. अजून दिसतंय मला. बोट नाकाशी नेता, तोंड वाकडं करता. "अरे, हे तर सडलंय!" डबा आडवा केला, बुडाची बुजलेली भोकं दाभणानं मोकळी केली, तर काळं, वास मारणारं पाणी भळाभळा जमिनीवर आलं. दुष्काळात! तुम्ही दुकानभर नजर फिरवलीत.

"कोन पाजतंय ह्याला?"

टपाल घेऊन आलेला पोस्टमन मान खाली घालून म्हणाला, "पेल्यात उरलं तेवढंच टाकायचो, चाचा. लई केविलवानं दिसत हुतं."

ब्लाऊज न्यायला आलेली शेजारीण म्हणाली, "मीबी तांदूळ धुतल्यालं टाकलं. रोजच न्हाई काय."

"आणि तुम्ही, चाचा?" मी विचारलं.

तुम्ही दाढी खाजवलीत. "वुजूचं पानी, नमाजाआधी हात-तोंड धुतल्यालं. वाया कसं घालवू?"

शेजारणीनं कपाळावर हात मारला. "घ्या! आमी घागरीसाठी रांगेत झिंज्या उपटतोय, आन् हितं झाड बुडालं!" त्या वर्षी दुकानात इतकं हसणं पुन्हा झालं नाही.

त्या दिवसापासून तुम्ही हुकूम काढलात. बोटाला माती कोरडी लागेपर्यंत पाणी नाही, आणि डबा हलवायचा नाही. "सारखं इकडून तिकडं केलं तर बिचारं मुळं कुठं धरंल? सगळ्यांनी गप बसा." सगळ्यात जड तुम्हालाच गेलं. वुजूचं तांब्याभर पाणी हातात घेऊन तुम्ही झाडाकडं बघत उभे राहायचात, आणि मग ते दारातल्या कोंबड्यांना ठेवायचात.

लेक आली तेव्हा पानं थोडीच उरली होती, पण शेंड्याला लाल टोपीसारखा कोंभ फुटला होता. पोटावर हात धरून ती कोंभाकडं बघत राहिली, मग तुमच्याकडं वळली. "अब्बा, झाड ठीक हाय. तुमीच वाळलात की!" तुम्ही टेप गळ्यात अडकवून उगाच गिऱ्हाइकाचं माप घ्यायला लागलात.

म्हणून तुम्हाला विचारतोय. मी सगळं पाहिलं. कुंडीची भोकं मोकळी आहेत, माती ओली नाही, कीड नाही. राहिली ती जागा. नेवाशात ते पूर्वेच्या खिडकीत होतं. इथं ऊन कधी येतं आणि कधी जातं, मलाच अजून उमगलेलं नाही. म्हणून कुंडी हलवत राहतो: खिडकी, टीव्हीचं कपाट, पुन्हा खिडकी. सूनबाई म्हणतात, "बाबा, राहू द्या ना त्याला एका जागी!" त्या तुमचंच बोलतात, त्यांना ठाऊक नाही.

हे पत्र कुठं टाकणार? नेवाशाहून आणलेल्या माझ्या शिलाई मशीनच्या खणात ठेवतो. एक सांगायचं राहिलं. पान पडलं की सूनबाई बघायच्या आत उचलून मी सदऱ्याच्या खिशात घालतो. आजही खिसा फुगलेला आहे. कुंडी मात्र सकाळपासून हलवलेली नाही. कोंभ यायला किती दिवस गप बसावं लागतं, तेवढं लवकर कळवा, चाचा. माझ्यानं जास्त बसवत नाही.