पट्टीची चादर आणि चौघांचा तंबू

सोलापूर, गुरुवार

ती. रंभावन्सं यांस,

त्या सकाळी नळाला पाचव्या दिवशी पाणी आलं होतं. पिंप भरलं, हंडे भरले, मग ज्या भांड्यांत कुणी पाणी भरत नाही तीही भरली (इडलीपात्रसुद्धा). दोन बादल्या धुणं वाळत घातलं आणि सूप घेऊन गच्चीवर ज्वारी निवडायला बसले. तेवढ्यात तुमचे बंधू पेपरचं कात्रण घेऊन वर आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. सहा फूट दोन इंचांचा माणूस उन्हात उभा राहिला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. सगळी ज्वारी सावलीत गेली. ते म्हणाले, “रुक्मिणी, हे बघ की. तीन किलोचा तंबू निघालाय, पाठीवर नेता येतो. आपण चौघं जाऊ या एकदा.” मी वर न बघता म्हणाले, “आधी सावली बाजूला घ्या. खडे दिसेनात.” त्यांनी सावली बाजूला घेतली. वन्सं, मला त्या सकाळचं हेच पुन्हा पुन्हा आठवतं, की त्यांनी ती लगेच घेतली.

नमस्कार करायचा राहिलाच. शिरसाष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थंडीत वाढला नसेल अशी आशा आहे. आम्ही तिघं बरे आहोत. फोनच करायला हवा होता, पण फोनवर माझं अर्धं वाक्य झालं की तुम्ही “बरं, ठिवू का?” म्हणता. कागदावर तुम्हाला ते करता येणार नाही, म्हणून पत्र. ते टपालात न घालता चेतनाच्या शाळेतल्या एक बाई शनिवारी अकलूजला माहेरी येतायत त्यांच्याबरोबर देते आहे. त्यांचं माहेर तुमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. (त्यांना चहा पाजा, पण माझ्याबद्दल काही विचारू नका. त्यांना काही माहीत नाही.)

तर तंबू. तुमच्या माहेरची माणसं उंच आहेत हे मला लग्नातच कळलं. अंतरपाट दोन मामांनी धरला होता आणि तुमचे बंधू त्याच्यावरून सरळ माझ्याकडे बघत होते. मामांनी हात वर केले तेव्हा खालून माझा चेहरा दिसायला लागला आणि भटजींनी मंगलाष्टकं थांबवली. मी चार फूट अकरा. पुढे दोन्ही मुलं तुमच्या वळणावर गेली. अभिमन्यू सहा-दीड, चेतना पाच-दहा. घरात मला कुणी शोधत असलं तर आधी सगळे वरच बघतात.

पाटबंधारे खात्यात ते मोजणीला जायचे तेव्हा खात्याचा तंबू असायचा. जाड कापडाचा, उचलायला चार माणसं लागणारा. त्यात साहेब, साहेबांची पेटी, मोजणीच्या साखळ्या आणि उरलेल्या जागेत हे. यांचे पाय गुडघ्यापासून बाहेर. वेळापूरच्या मुक्कामात पहाटे एका करडानं यांचा मोजा चघळला, ही गोष्ट ते दर वर्षी सांगायचे आणि दर वर्षी मोजा थोडा जास्त खाल्लेला असायचा. आयुष्यात एकदा आपल्या माणसांबरोबर, पाय आत घेऊन तंबूत झोपायचं, एवढी त्यांची इच्छा होती. मला वाटायचं, चांगलं पक्कं घर बांधलंय, कर्ज फेडलंय, आता माळावर पाल टाकून झोपायचं? लोक काय म्हणतील? मी म्हणाले, “पुढच्या वर्षी बघू.” पुढचं वर्ष आलं, पण त्यात ते मार्चपर्यंतच होते. ॲम्ब्युलन्समध्येही त्यांचे पाय दुमडल्याशिवाय दार लागलं नाही.

दहाव्याला तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, “माझ्या भावाची एकच हौस व्हती, ती बी हिनं पुरवली न्हाई.” मी दोन वर्षं तुम्हाला द्यायचं उत्तर शोधते आहे. बरीच चांगली उत्तरं तयार केली होती, एक तर भांडी घासताना अगदी वकिलासारखं सुचलं होतं. पण तुम्ही म्हणालात ते खरं होतं, आणि खऱ्याला उत्तर द्यायला गेलं की आवाज चढतो. म्हणून मी बोलणंच कमी केलं.

दिवाळीला मुलांनी ठरवलं की बाबांची इच्छा जानेवारीत पुरी करायची. सह्याद्रीत एका गडाखालच्या पठारावर एक मुक्काम. गाडी गावापर्यंत जाते, पुढे तासभर पायवाट. अभिमन्यू म्हणाला, तंबू आई निवडेल, ती सगळं वाचते. (हे खरं आहे. सातवीनंतर शाळा सुटली तरी मी पुड्याचे कागद, औषधाच्या बाटलीतल्या चिठ्ठ्या आणि तुमच्या बंधूंनी वाचनालयातून आणलेलं सगळं वाचत आले.) मी एकच अट घातली, की तंबू मी उचलणार. मुलं हसली. मी हसले नाही.

वीस दिवस चेतनाच्या फोनवर तंबूच वाचले. त्यातून कळलं ते असं. तंबूची लिहिलेली लांबी ही जमिनीवरची लांबी असते. कापड दोन्हीकडून उतरतं असतं, त्यामुळे उंच माणसाचं नाक आणि पायाचे अंगठे कापडाला टेकतात, आणि आपल्याच श्वासाचं पाणी आतून जमून पहाटे आपल्याच अंगावर ठिबकतं. म्हणजे सहा फुटी माणसाला साडेसात फुटी तंबू पाहिजे. दुसरं, ‘चार माणसांचा’ म्हणजे कुठल्या चार माणसांचा, हे कुणी लिहीत नाही. ज्यानं ते ठरवलं त्याच्या घरी पेन्सिली राहत असाव्यात. तिसरं, लांब हवा तर जड, हलका हवा तर आखूड. लांब आणि हलका दोन्ही असला की किंमत वाचून फोन खाली ठेवावा लागतो.

म्हणून आधी बाजारात गेले. ताडपत्र्या विकणारे गुरुबसप्पा म्हणून आहेत, त्यांना म्हटलं तंबू दाखवा.

“लग्न काय ओ अक्का? किती मानसं?”

“चार.”

“चार मानसाचं लग्न?” ते गल्ल्यावरून उठून उभे राहिले. “कोर्टात करा की मग. मांडव कशाला?”

मी सांगितलं, झोपायचा तंबू, पाठीवर नेण्यासारखा, अगदी हलका. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं (फार वेळ लागला नाही) आणि म्हणाले, “हलका तंबू वाऱ्यानं उडतोय. त्यात हलकं मानूस. दोन्ही शोधायला पोलीस पाठवायचं काय?” तरी चहा पाजला आणि दोरी फुकट दिली.

ती दोरी कामाला आली. रविवारी अभिमन्यू पुण्याहून आला होता तेव्हा गच्चीवर ती कमरेइतक्या उंचीवर बांधली, चादर वरून टाकून दोन्हीकडे ताणून विटा ठेवल्या आणि त्याला आडवं व्हायला लावलं. पाय बाहेर. विटा सरकवल्या, पाय आत आले, पण चादर नाकावर. शेजारच्या गच्चीवरून काशम्मा बघत होत्या. त्या म्हणाल्या, “रुक्मिणीबाई, पोरगं एवढं मोठं केलं आनि आता झाकून ठेवता काय?” मग त्यांनीही येऊन एक टोक धरलं. आम्ही दोघींनी मिळून तंबूची मधली उंची ठरवली. त्यांच्या मते तीत पोराचं लग्न झाल्यावर सूनबाईंनाही नीट बसता आलं पाहिजे. मी ती सूचना वहीत लिहून घेतली.

रुंदीसाठी मी घरातल्या चौकात फरशीवर चादरी अंथरल्या. अभिमन्यूची, चेतनाची, माझी, आणि कडेला पट्टीची. (पट्टीची तुम्हाला आठवत असेल. बाजारातली चादर तुमच्या बंधूंना पुरायची नाही म्हणून मी खाली दुसऱ्या हिरव्या चादरीची दोन वितींची पट्टी जोडली होती. सोलापुरात राहून चादर कमी पडणारं आमचं एकच घर असेल.) खडूनं रेघा मारल्या, टेप लावली, आकडे वहीत उतरवले. लांबी पट्टीच्या चादरीवरून घेतली, कारण ती सगळ्यांत लांब. रुंदी चारी मिळून घेतली. हिशेब दोनदा तपासला. बरोबर होता.

राहिलं वजन. असा एक तंबू सापडला, तीन किलो दोनशे ग्रॅम. म्हणून मी तेवढी ज्वारी चेतनाच्या जुन्या दप्तरात भरली, पाठीवर घेतली आणि जिना चढउतार करायला लागले. पहिल्या दिवशी पाच फेऱ्या, दुसऱ्या दिवशी आठ, तिसऱ्या दिवशी वीस. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. चौथ्या दिवशी काशम्मा खालून ओरडल्या, “बाई, तुम्ही चालता का पेरता?” दप्तराच्या तळाला भोक होतं. जिन्यावर, बोळात, त्यांच्या उंबऱ्यापर्यंत ज्वारी आणि तिच्यामागे सगळ्या गल्लीतल्या चिमण्या. दप्तरात उरली होती ती वजन केली तर सव्वा किलो भरली. भोक शिवून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आता खऱ्या तीन किलो दोनशेच्या बारा फेऱ्या होतात, मधे एकदा बसून.

तंबू मंगळवारी आला. त्या दिवशी अभिमन्यूही घरी होता. खोक्यावर चित्र आहे, त्यातली माणसं सगळी हसतायत आणि सगळी बुटकी आहेत. खोकं कात्रीनं न कापता चिकटपट्टी सोडवून उघडलं, कारण परत पाठवायचं झालं तर खोकं शाबूत लागतं आणि मुदत सोमवारपर्यंत आहे. अभिमन्यूनं वरचं वाचलं आणि विचारलं, “आई, चौघांचा का मागवलास?”

मी म्हणाले, “आपण चौघंच की.”

 चेतना उठून चहा ठेवायला गेली. चहा नुकताच झाला होता. अभिमन्यूनं तंबूच्या खांबांचे तुकडे मोजायला घेतले आणि बराच वेळ मोजले. वन्सं, मी चार चादरी अंथरल्या, खडूनं चार रेघा मारल्या, दोनदा तपासलं, आणि मला एकदाही वेगळं वाटलं नाही. मी अजून भाकरीही त्यांच्या धरूनच थापते, उरते ती काशम्मांच्या म्हशीला जाते. पण भाकरी परत पाठवायची मुदत नसते, म्हणून ते आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही.

मुलं म्हणतात, तुला हवं तसं कर. तिघांचा मागवला तर सहाशे ग्रॅम हलका मिळेल, आणि लांबीलाही पुरेल. मी तीन दिवस विचार करते आहे. खरं सांगायचं तर जायचं की नाही याचाच विचार करते आहे. त्यांनी मागितलं तेव्हा गेले नाही आणि आता तीच हौस मी त्यांच्याशिवाय उपभोगायची, हे मला नीट वाटत नाही. तुम्ही काय म्हणाल तेही ऐकू येतं.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. दाजींना गरम पाण्यात हळद घालून द्या. चुकलंमाकलं पोटात घाला.

तुमची,
रुक्मिणी

ता. क. ते कात्रण मी फेकलं नव्हतं. शेंगाचटणीच्या बरणीखाली फडताळात अंथरलं होतं, म्हणजे फेकल्यासारखंच. काल शोधून काढलं. तेलानं पारदर्शक झालंय, पण कडेला त्यांच्या हातचं पेन्सिलीनं लिहिलेलं दिसतं: “मी ६-२. अभि ६-१॥. चेतना ५-१०. रुक्मिणी – कुठंही मावेल.” आणि त्याच्या खाली, रेघ मारून: “ताईला विचारणे.” त्यांनी तुम्हाला विचारलं नाही, कारण मी त्याआधीच नाही म्हणाले होते. म्हणजे तुम्हालाही नाही म्हणाले, तुम्हाला न सांगताच. हे आधी लिहायला हवं होतं. सगळं पत्र मी याच्यासाठीच लिहायला बसले आणि तंबूवरच लिहीत राहिले.

ता. क. २. तर ते विचारायचं राहिलं होतं ते मी विचारते. जानेवारीत आमच्याबरोबर याल का? तुम्ही रोज मळ्यापर्यंत चालत जाता, ही वाट त्याहून फार नाही. तुम्ही पाच-नऊ, चौथ्या जागेत पाय सरळ होतील, मी मोजलंय. पट्टीची चादर तुम्हाला देईन. जे बोलायचंय ते तिथं बोला, तंबूत फोन ठेवता येत नाही. नाही म्हणालात तर राग नाही; तंबू परत करून तिघांचा मागवीन किंवा तेही करणार नाही. सोमवारच्या आत कळवा.

ता. क. ३. शुक्रवार. शाळेतल्या बाई उद्या निघणार, म्हणून पाकीट अजून बंद केलेलं नाही. सोमवारच्या आत कळवण्याची आता गरज नाही, सावकाश कळवा. आज सकाळी नळाला पाणी आलं. पिंप भरलं, हंडे भरले. मग तंबू गच्चीवर नेऊन उभा केला, कोपरे पाण्याच्या कॅनना बांधले, खोकं कात्रीनं कापून आत अंथरलं आणि त्यावर बसून ज्वारी निवडली.