शेवट बघायला

अहो,

तुमची चंद्रप्रभा हजरतगंजला मॅटिनीला गेली आहे. हो, तोच पिक्चर! तिसऱ्यांदा, पण एकटी! गाणी झकास, हिरो ठोकळा, पण हिरॉईनसाठी ती शंभरदा जाईल.

दोन्ही वेळा घरी, बख्शी का तालाबला, यायची शेवटची बस चुकेल म्हणून तुम्ही तिला शेवटाआधीच उठवलंत. वर बसमध्ये ठोकून दिलंत, "शेवटी हिरॉईन नवऱ्याकडे परत येते, और क्या!"

आज शेजारच्या सरलाताई हसत सुटल्या. "परत कुठली येते? नोकरी धरते की!"

मग तुमच्या चंद्रप्रभेला राहवेना. आज पिक्चर उतरतोय. आमटी गरम करून घ्या, भात कुकरमध्ये आहे.

संध्याकाळी शेवट ती सांगेल. तुम्ही मधे बोलायचं नाही.

चंद्रप्रभा