आईंचं मत

अहो,

आई आणि मी शिवऱ्याला मावशींकडं चाललोय, उद्या येऊ. भाकरी टोपलीत आहे. म्हशीला वैरण टाकलीय, धार तेवढी काढा.

तुमच्या कानावर दुसऱ्याकडून येण्याआधी मीच सांगते. तुम्ही पक्षाच्या कामाला वेल्ह्याला गेल्यावर तुमच्या उमेदवाराचा माणूस जीप घेऊन दारात आला. "नागसेननं घरातली सगळी मतं आपल्याला कबूल केल्यात. म्हातारीला दिसत न्हाई, तवा तिच्यासंगं आत जाऊन बटण मीच दाबतो," म्हणाला. आई उंबऱ्यात उठून उभ्या राहिल्या. "ल्योकानं कबूल केलं आसंल, पर मत माजं हाय. आन चिन्ह वळखण्याइतकं मला दिसतंय," म्हणाल्या. जीप रिकामी परत गेली.

मग आम्ही शाळेपर्यंत चालत गेलो. वाटेत त्या दोनदा टेकल्या, पण माझा हात काही धरला नाही. माझं मत आधी झालं. आईंना आत बराच वेळ लागला, मी दारातच वाट बघत थांबले. शेवटी मशीनचा आवाज आला, आणि आई पदर सावरत बाहेर आल्या. रांगेतल्या बायांनी त्यांना वाट करून दिली. मला लई अभिमान वाटला.

मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. आता मावशींना शाईचं बोट दाखवायचं म्हणून एसटीची घाई चाललीय.

तो माणूस उद्या तुम्हाला चारचौघांत बोलेल. खाली मान घालून ऐकू नका. म्हणा, ती माझी आई आहे.

माधुरी