काळ्या पिशवीची गाठ

येरवडा, पुणे
ता. ५ फेब्रुवारी २०१७

चि. चैताली हिस शालनआत्याचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

वि. वि. फोन असताना आत्याला पत्र कुठून सुचलं म्हणून हसशील. पण आमच्या एका खोलीत फोनवर बोलणं म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकवणं. त्यात माझा घोड्याएवढा समाधान घरात, आणि ही गोष्ट मुलासमोर काढण्यासारखी नाही.

काल वारज्याला तुझ्या खोलीवर आले तेव्हा तू बाहेर गेली होतीस. गॅसवर पातेल्यात काहीतरी उकळत होतं. झाकण काढलं तर रबराची इवलीशी वाटी. मला वाटलं, बाळाच्या दुधाच्या बाटलीचं बूच. पायाखालची जमीनच सरकली. लग्नाला महिना राहिलेला आणि हिच्याकडे बाटली कशाला? तुझ्या मैत्रिणीनं, निकितानं, खुलासा केला तेव्हा वाटलं, बाटली परवडली असती.

पाळीत म्हणे ती आत ठेवायची, ओतायची, धुवायची आणि पुन्हा वापरायची. अगं, लग्नाआधी! निकिता हसत हसत सांगत होती आणि मी भिंतीकडे बघत होते. बस चुकेल म्हणून चहा न घेताच निघाले. बस अर्धा तास आली नाही.

सौरभच्या आईंना, दुर्गाबाईंना, हे कळलं तर काय होईल? डॉक्टर काय म्हणतात ते मला सांगू नकोस, लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. दुकानात चांगली पॅड मिळतात. ती वापरावीत, मी शिकवलंय तशी कागदात गुंडाळावीत, काळ्या पिशवीत घालून घट्ट गाठ मारावी. कुणाच्या नजरेला पडू नये. तुझे आईवडील गेल्यापासून माझा एवढा एक शब्द तू कधी मोडला नाहीस. मग आताच काय झालं?

वाटी टाकून दिल्याचं लगेच कळव. रागावले असले तरी माया कमी झाली असं समजू नकोस.

तुझी
शालनआत्या


वारजे, पुणे
ता. १० फेब्रुवारी २०१७

ती. आत्यास चैतालीचा सविनय जयभीम.

वि. वि. तुझं पत्र ऑफिसात नेऊन दोनदा वाचलं. बाटलीपाशी हसले, पुढे हसता आलं नाही. आधी एवढंच सांगते, की डॉक्टरीणबाईंना विचारूनच तो कप घेतला. पहिले दोन महिने मला जमत नव्हता, न्हाणीघरात रडलेसुद्धा. पण सोडला नाही. का ते तू विचारलंस, म्हणून सांगते.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात साडी घेऊन, तुला न कळवता, तुमच्या कचरा निवडायच्या शेडवर आले होते. तू घरोघरचा कचरा गोळा करतेस आणि त्यावर मला शिकवलंस, हे मला माहीतच होतं. पण तू सांगायचीस, मी फक्त कागद नि प्लॅस्टिक वेगळं करते, घाण दुसऱ्या बायका बघतात. मी फाटकापाशी उभी होते. तू काळ्या पिशव्यांच्या गाठी सोडत होतीस, उघड्या हातांनी. आत काय आहे ते सोडल्याशिवाय कळत नाही ना. कागद उलगडलास तर पॅड निघालं. दुसऱ्या पिशवीतही तेच. तू हात मातीला पुसलेस आणि तिसरी गाठ सोडायला घेतलीस.

मी हाक न मारता परत फिरले, आत्या. साडी अजून कपाटात आहे. बारा वर्षं मी तशाच गाठी मारत होते आणि त्या कुणाला सोडाव्या लागतात हा विचार एकदाही मनात आला नाही. त्याची मला फार लाज वाटली. आता माझ्याच्यानं ती गाठ मारवत नाही.

आणखी एक. आत्या महापालिकेत आहे एवढंच आपण सौरभकडे सांगितलंय. मी त्याला खरं काय ते सांगणार आहे.

रागावलीस तरी लांब करू नकोस, एवढंच मागणं.

तुझी
चैताली


येरवडा, पुणे
ता. १४ फेब्रुवारी २०१७

चि. चैताली हिस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. तू पाहिलंस. तुला ते दिसू नये म्हणून इतकी वर्षं खोटं बोलले. कोपरापर्यंत साबण लावून मग तुला ताट वाढायचे. त्या वाटीचं नाव मी पुन्हा काढणार नाही, तुला जे बरं वाटेल ते कर.

पण सौरभला सांगू नकोस, तुझ्या पाया पडते. कारण लिहिते, वाच आणि कागद फाडून टाक. दुर्गाबाईंची सोसायटी माझ्याच फेरीत आहे. दुसरा मजला, उजवीकडचं दार. सहा वर्षं त्यांचा कचऱ्याचा डबा मी उचलते. माझ्या तोंडाला फडका असतो, त्यांनी चेहरा कधी पाहिलेला नाही. मुलगा तुला ऑफिसात भेटलेला, त्यामुळे त्यांचं घर कुठलं हे मलाही साखरपुड्यात त्यांना पाहिलं तेव्हाच कळलं. त्यांनी मला पेढा भरवला, विहीणबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारातून डबा उचलला. त्यात काळी पिशवीही होती, त्यांच्या मुलीची, अपेक्षाची असणार.

लग्न लागलं की ती फेरी मी दुसऱ्या बाईला देईन. पंचवीस दिवस गप्प राहा. तुझा संसार मांडलेला मला बघायचाय, माझं काय व्हायचं ते होवो.

तुझी
आत्या


येरवडा, पुणे
ता. २१ फेब्रुवारी २०१७

श्रीमती शालनताई यांस दुर्गाबाईचा सविनय जयभीम.

वि. वि. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहिते. रविवारी चैताली घरी आली आणि तिनं सगळं सांगितलं. तुमचं पत्र तिनं फाडलं नाही, माझ्यापुढे ठेवलं. तिच्यावर रागावू नका, माझं रागावून झालं आहे.

त्या कपाचं ऐकून मला धक्का बसला, खोटं कशाला सांगू. त्यात आमची अपेक्षा लगेच मलाही एक आणून दे म्हणाली, तेव्हा मी दोघींनाही गप्प केलं. पण पुढचं वाचल्यावर मीच गप्प झाले. ती पिशवी मीच बांधायचे, शालनताई. पोरीला नीट जमत नाही म्हणून मी स्वतः दोन गाठी मारायचे.

काल सकाळी मी दार उघडून उभी राहिले. तुम्ही वर आलात, मी तुमचं नाव घेतलं, आणि तुम्ही डबा तिथेच ठेवून जिना उतरून गेलात. लग्न मोडेल ही भीती मनातून काढा. सौरभ तर तुम्हाला भेटायला तेव्हाच निघाला होता, मीच त्याला थांबवलं, कारण आधी मला लिहायचं होतं.

दरवर्षी वीस मार्चला मी आमच्या विहारात मुलांना चवदार तळ्याची गोष्ट सांगते. आपल्या माणसांना पाणी नाकारलं हे सांगताना माझा आवाज चढतो, मुलं घाबरून बघतात. सहा वर्षं तुम्ही रोज दोन जिने चढून माझ्या दारात आलात. मी तुम्हाला एकदाही पाणी विचारलं नाही.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. ते मागायचा धीर होत नाही.

आपली
दुर्गाबाई